फुटकी कौलं बदलताना: गळतीच्या शोधापासून कोन्याच्या मसाल्यापर्यंत

वळवाची पहिली सर येऊन गेली की मला फोन येऊ लागतात. "एप्रिलात कौलं बदलली होती, तरी माजघरात गळतंय." जाऊन बघितलं की बहुतेक ठिकाणी प्रकार सारखाच असतो. जिथे थेंब पडत होता त्याच्या बरोब्बर वरचं कौल बदललेलं असतं, ते बदलायला वर चढलेल्या माणसाच्या पायाखाली शेजारची तीन-चार तडकलेली असतात आणि त्या तड्यांवर सिमेंट फासलेलं असतं. कौल नवं, पण खालची रीप कुजकीच. म्हणजे पैसे गेले, दिवस गेला आणि भोकं वाढली.

काम अवघड नाही. पण त्याला क्रम आहे आणि तो चुकला की सगळं उलटतं. इथे लिहिलेलं मंगलोरी कौलांसाठी आहे. नळीच्या कौलांची बसवण वेगळी असते, त्यांना हे जसंच्या तसं लावू नका.

पुढे येणारे शब्द आधीच सांगून ठेवतो. माथ्यावरचं मोठं आडवं लाकूड म्हणजे आढं. आढ्यापासून वळचणीकडे उतरतात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या त्या रिपा. कौलाच्या पोटाकडे वरच्या टोकाला उंचवटे असतात, त्यांनी ते रिपेला अडकतं. छपराचे दोन उतार म्हणजे पाखी. दोन्ही पाखी जिथे भेटतात तिथे वरून झाकतात ते कोने.

## १. गळती पावसातच शोधा, उन्हाळ्यात नाही

थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा बहुधा एक नसते. पाणी कौलाच्या पोटाला लागून रिपेवर येतं, रिपेवरून वाशावर, आणि वाशाच्या उताराने दोन-तीन फूट खाली येऊन एखाद्या गाठीशी किंवा खिळ्याशी टपकतं. माझ्या आजोळी देवघरावर सलग दोन वर्षं असं गळत होतं. दोन्ही वर्षी देवघरावरची कौलं बदलली. तिसऱ्या पावसात मामा बॅटरी घेऊन माळ्यावर बसला, तेव्हा दिसलं की पाणी आढ्याजवळच्या एका तिरक्या कोन्यातून शिरून वाशाची कड धरून खाली येतंय. देवघरावरच्या कौलांना काहीच झालेलं नव्हतं.

म्हणून मोठी सर चालू असताना बॅटरी आणि खडू घेऊन आत जा. ओल्या वाशावर बोट ठेवा आणि ओल वर वर शोधत जा. जिथे लाकूड कोरडं लागतं त्याच्या लगेच खाली खूण करा. खडू ओल्यावर उमटला नाही तर लाकडाला सुतळी बांधून ठेवा. काम उन्हाळ्यात होणार आहे, तोवर आठवणीवर विसंबू नका.

पावसाळा निघून गेला असेल तर भर दुपारी आतून वर बघा. कौलांच्या सांध्यातून बारीक तिरका उजेड येतो, ते साधं आहे. सरळ आभाळ दिसत असेल तर ते भोक. वाशांवर काळपट ओघळ असतील तर त्यांचं वरचं टोक गाठा.

शोधताना कारणही ठरवा, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे:

- कौल फुटलंय: माडाची झावळ, नारळ, वानरं किंवा आपलेच पाय.
- कौल शाबूत आहे पण घसरलंय: मागचा उंचवटा तुटलाय किंवा रीप खाली बसलीय.
- कौल जागेवर आहे पण कडेच्या खाचेत माती आणि शेवाळ भरलंय, त्यामुळे पाणी खाचेची कड ओलांडून आत उतरतं. इथे नवं कौल नको, तारेचा ब्रश पुरतो.
- पाख्याला मध्ये पोक आलाय. मग दोष कौलात नाही, लाकडात आहे.
- दोन पाखी आत वळून भेटतात तिथली पत्र्याची पन्हळ पानांनी तुंबलीय. ती साफ केल्याशिवाय तिथल्या एकाही कौलाला हात लावू नका.

## २. कौलं आणताना

इथे लोक सर्वात जास्त फसतात. मंगलोरी कौल दिसायला सगळीकडे सारखं, पण प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा. कडेची खाच दोन-तीन मिलिमीटरने इकडेतिकडे झाली तरी कौल शेजाऱ्यात बसत नाही, उचललेलं राहतं आणि त्या फटीतून नैऋत्येचा वारा पाणी आत ढकलतो.

म्हणून घरातलं एक शाबूत कौल काढून सोबत न्या. कौलावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, तेच नाव मिळालं तर उत्तम. बासल मिशन या कारखान्याच्या जुन्या कौलांवर १८६५ हा आकडा दिसतो. ते कारखान्याचं साल आहे, कौलाचं वय नव्हे, त्यामुळे आकडा सारखा दिसला म्हणून साचाही सारखा असेल असं धरू नका. दुकानातच दोन्ही कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवून बघा. आधी नवं डावीकडे ठेवून, मग उजवीकडे. दोन्हीकडे न हलता बसलं तरच घ्या. जुन्या पाडलेल्या घरांची कौलं विकायला असतात. साचा जुळत असेल तर ती नव्यापेक्षा बरी, कारण त्यांनी कित्येक पावसाळे काढलेले असतात.

साचा जुळणारं कौल कुठेच मिळालं नाही तर एक युक्ती आहे. घराच्या मागच्या पडवीवरची जुनी कौलं काढून पुढच्या पाख्याच्या भोकांत घाला आणि पडवीचा पूर्ण पट्टा नव्या कौलांचा करा. एकाच रांगेत दोन साचे मिसळू नका.

तपासणी. प्रत्येक कौल एका हातात उभं धरून बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत वाजलं तर चांगलं. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, डोळ्याला दिसो वा न दिसो. मग नमुन्याची दोन कौलं कोरडी तोला, रात्रभर पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढलं तर भट्टी कच्ची आहे, तो माल परत करा.

किती लागतील? चौरस मीटरला सुमारे १५, म्हणजे एका ब्रासला (शंभर चौरस फुटांना) साधारण १४०. त्यावर दहा टक्के जास्त धरा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागात छपरंच्या छपरं उडाली आणि कौलांसाठी लोक वणवण फिरले. ज्यांच्या गोठ्यात जुनी कौलं रचलेली होती त्यांचं घर आधी झाकलं गेलं. घरात पंचवीस-तीस जादा कौलं नेहमी असू द्या.

बाकीचं सामान थोडंच आहे: दोन इंच बाय एक इंच रिपा, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे (समुद्राकडे साधा खिळा गंजून लाकूडही खातो), जस्ती किंवा तांब्याची बारीक तार, लाकडाच्या दोन पाचरी, तारेचा ब्रश, सुतळी, आणि अख्खा उघडा पट्टा झाकेल एवढी ताडपत्री.

## ३. दिवस, वीज आणि पाय

शाकारणी, म्हणजे पावसाआधीची छपराची डागडुजी, होळीनंतर आणि मेच्या मध्याच्या आत उरका. मेअखेर वळीव कधीही येतो. पाऊस पडून गेल्यावर निदान दोन दिवस छपरावर जाऊ नका, कारण शेवाळलेलं कौल वरून कोरडं दिसलं तरी साबणासारखं असतं. काम सकाळी लवकर सुरू करून अकराच्या आत वरून उतरायचं.

सावध. खांबावरून घरात येणारी तार बऱ्याच घरांत वळचणीला लागूनच असते. आतला मेन स्विच बंद केला तरी ती तार चालूच राहते. तिच्या हाताच्या अंतरात काम असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्या. ओल्या बांबूची शिडी किंवा लोखंडी शिडी त्या बाजूला लावूच नका.

वर जावंच लागलं तर थेट कौलांवर चालायचं नाही. बांबूची हलकी शिडी पाख्यावर आडवी टाका, तिचं वरचं टोक दोराने आढ्यापलीकडच्या वाशाला बांधा आणि तिच्या पायऱ्यांवर पाय ठेवा. शिडीखाली दोन-तीन ठिकाणी पेंढ्याच्या गाद्या किंवा जुनी पोती घाला. एखादं पाऊल कौलावर टाकावंच लागलं तर ते कौलाच्या खालच्या कडेपाशी टाका. तिथे एकावर एक दोन कौलं असतात आणि खाली रीप असते. कौलाच्या मधोमध खाली काहीच नसतं, तिथेच ते मोडतं. कमरेला दोर बांधा, आणि दोराचं दुसरं टोक माणसाच्या हातात नको, वाशाला हवं.

## ४. एक-दोन कौलं असतील तर आतूनच बदला

छताला आतून फळ्या किंवा प्लाय मारलेला नसेल तर सुटं कौल बदलायला वर जायची गरजच नाही. माळ्यावर किंवा पक्क्या घोड्यावर उभं राहून हे होतं.

प्रथम फुटक्या कौलावर चढलेलं शेजारचं कौल ओळखा. मंगलोरी कौलाची एक कड खाचेची आणि दुसरी झाकणाची असते, त्यामुळे एका बाजूचा शेजारी तुमच्या कौलावर असतो आणि दुसऱ्या बाजूचा त्याच्याखाली. वर असलेल्या शेजाऱ्याची कड बोटभर उचला आणि तिथे एक पाचर सरकवा. दुसरी पाचर वरच्या रांगेतल्या कौलाखाली. आता फुटकं कौल दोन्ही हातांनी आढ्याच्या दिशेने दीड-दोन इंच वर ढकला. मागचे उंचवटे रिपेवरून सुटले की त्याचं वरचं टोक थोडं उचला, कौल कडेवर वळवा आणि दोन रिपांमधून आत ओढून घ्या. तुकडे झालेले असतील तर मोठा तुकडा आधी. खाली कोणी उभं राहू नये. डोळ्यांवर चष्मा घाला, कारण कित्येक वर्षांची माती थेट तोंडावर येते.

कौल निघालं की नवं घालायची घाई करू नका. उघड्या रिपेत टोचा (टोकदार हत्यार) किंवा स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. पाव इंचापेक्षा जास्त आत गेला तर थांबा आणि टप्पा ५ कडे जा. रीप टणक असेल तर ब्रशने ती आणि शेजारच्या कौलांच्या खाचा साफ करा.

नवं कौल तसंच कडेवर करून बाहेर घाला, बाहेर गेल्यावर सपाट करा, त्याचं वरचं टोक वरच्या रांगेखाली सरकवा आणि उंचवटे रिपेत बसेपर्यंत खाली ओढा. बसल्याचा ठक् असा आवाज येतो. मग पाचरी काढा, आधी वरची, नंतर बाजूची.

तपासणी. तळव्याने कौल आतून हलकेच वर ढकला. ते डगमगलं तर खाच जुळलेली नाही. जोराने दाबून बसवू नका, काढून दुसरं घाला.

## ५. पट्टा उघडायचा असेल तर

सहा-आठ कौलं एकाच भागात फुटली असतील, किंवा पाख्याला पोक आला असेल, तर अख्खा उभा पट्टा उघडा. काढताना आढ्याकडून खाली, लावताना वळचणीकडून वर. हा क्रम कधीच बदलत नाही. एका दिवसात झाकता येईल तेवढंच उघडा. दोन माणसांना सहा-सात फूट रुंदीचा पट्टा पुरे होतो.

काढलेली कौलं छपरावरच एका बाजूला रचायची सवय फार घातक आहे. एक कौल साधारण अडीच किलोचं, म्हणजे शंभर कौलांचा ढीग अडीचशे किलोचा. जुन्या पोफळीच्या रिपांवर आणि वाळवी लागलेल्या वाशांवर तो ठेवला की मधला वासा तिथेच मोडू शकतो. कौलं हातोहात खाली द्या. जमिनीवर ती आडवी थापीत रचू नका, भिंतीला टेकवून उभ्या रांगेत ठेवा. आडव्या थापीतली खालची कौलं वजनाने तडकतात आणि ते बसवेपर्यंत कळत नाही.

खाली देतानाच तीन वाटे करा: शाबूत, फुटकी, संशयित. संशयितांना पुन्हा पेराने ठोकून निकाल लावा. शाबूत कौलांच्या खाचा ब्रशने साफ करा. पाण्याने धुतली तर पूर्ण वाळल्याशिवाय वर चढवू नका.

## ६. लाकूड आधी, कौल नंतर

पट्टा उघडा असताना प्रत्येक रीप आणि वाशाचं वरचं टोक टोच्याने तपासा. वाळवी बाहेरून दिसत नाही. मातीची बारीक रेघ दिसली किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर लाकूड आतून संपलेलं आहे. वळचणीची शेवटची रीप आणि पन्हळीलगतचे वासे सर्वांत आधी जातात. अर्धवट कुजलेल्या रिपेला शेजारी दुसरी पट्टी ठोकून काम भागवलेलं मी अनेकदा पाहिलंय. कुजकं लाकूड नव्या पट्टीलाही ओल देतं. ते काढाच.

रिपांमधलं अंतर पाठ करू नका. साडेबारा-तेरा इंच हा साधारण आकडा आहे, पण तुमचा आकडा तुमच्या कौलावरून काढायचा. तीन कौलं जमिनीवर उभ्या ओळीत एकमेकांत अडकवा. ती शक्य तितकी ताणून पहिल्याच्या उंचवट्यापासून तिसऱ्याच्या उंचवट्यापर्यंत मोजा, मग शक्य तितकी दाबून पुन्हा मोजा. दोन्ही मापांची बेरीज करून चाराने भागा. ते तुमचं अंतर. त्या मापाच्या दोन काठ्या कापून घ्या आणि रीप ठोकताना दोन्ही टोकांना त्या ठेवा, म्हणजे टेप पुन्हा पुन्हा धरावा लागत नाही आणि रीप तिरकी जात नाही. थोडाच पट्टा बदलताय तर नव्या रिपा शेजारच्या जुन्या रिपांच्या रेषेतच आल्या पाहिजेत. तिथे सुतळी ताणून बघा.

रिपेचा सांधा वाशाच्या मधोमधच यावा, हवेत लटकता नको. टोकाला खिळा ठोकण्याआधी बारीक भोक पाडा, नाहीतर वाळलेली रीप उभी फाटते. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा जाड किंवा दुहेरी ठेवा. त्या रांगेखाली टेकायला दुसरं कौल नसतं, म्हणून रीप उंच नसेल तर पहिली रांग खाली झुकते आणि वरच्या सगळ्या रांगांच्या खाचा उघडतात.

नव्या रिपांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची कोकणातली पद्धत चांगली आहे, वाळवी दूर राहते. पण ते अंगाला लागलं तर कातडी भाजल्यासारखी निघते. रबरी हातमोजे घाला, आणि लाकूड पूर्ण सुकल्यावरच वर न्या.

रिपांवर प्लास्टिक अंथरून वर कौलं घालायचा सल्ला हल्ली सर्रास देतात. मी तो देणार नाही. ढिलं, हवा न खेळणारं प्लास्टिक थेट रिपेवर टाकलं की घरातली वाफ आणि वरचं झिरपलेलं पाणी दोन्ही रिपेशी अडकून राहतं. गळती दिसत नाही, आणि रीप मुकाट्याने कुजते.

## ७. कौलं बसवणं

वळचणीपासून सुरू करा. पहिल्या रांगेची कौलं वळचणीबाहेर दोन-अडीच इंच आली पाहिजेत. कमी आली तर पागोळ्या भिंतीवर पडतात, जास्त आली तर वारा त्यांना खालून उचलतो.

डावीकडून की उजवीकडून, हे कौलच सांगतं. ते हातात घेऊन बघा: झाकणाची कड आधी बसलेल्या कौलाच्या खाचेवर पडली पाहिजे. उलट बाजूने सुरू केलंत तर प्रत्येक कौल उचलून खाली दुसरं कोंबावं लागतं आणि कडा तुटतात. जुन्या छपरात सांधे रांगेगणिक सरळ आहेत की एकाआड एक सरकवलेले, ते बघून तसंच ठेवा.

वळचणीच्या दोन रांगा आणि बाजूच्या टोकाची कौलं तारेने रिपेला बांधा. त्यासाठी मागच्या उंचवट्याला बारीक भोक असतं, पण ते मातीने बुजलेलं असतं, खिळ्याने मोकळं करा. तार ताणून पिळू नका, उंचवटा तुटेल. हलकी ढिलाई हवी.

सावध. तडा गेलेल्या कौलावर सिमेंट, एमसील, डांबर काही फासू नका. कौल उन्हाने फुगतं-आकसतं, सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही. पहिल्या उन्हाळ्यात सिमेंटच्या कडेने केसाएवढी फट पडते आणि तिच्यात पाणी साठून राहतं. शिवाय ते कौल शेजाऱ्याला चिकटतं, म्हणजे पुढच्या वेळी एक काढताना तीन फुटतात.

## ८. कोने

कोने सगळ्यात शेवटी. जुना मसाला छिन्नीने हळूच काढा, हातोडा जोरात मारू नका. कोना आणि खालची कौलं पाण्याने ओली करा, कोरडं कौल मसाल्यातलं पाणी शोषून घेतं आणि पकड राहत नाही. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू, पाणी बेताचं. थोडा चुना मिसळला तर मसाला कमी तडकतो.

मसाला कोन्याच्या दोन्ही कडांखाली आणि कोन्या-कोन्याच्या सांध्यात घालायचा. अख्खी पोकळी भरायची नाही. पूर्ण भरली तर वजन वाढतं, आणि ओला मसाला पाणी धरून ते आढ्याच्या लाकडावर सोडतो. सुरुवात वाऱ्याच्या उलट टोकाकडून करा, म्हणजे सांध्याचं तोंड पावसाळी वाऱ्याकडे येत नाही. नंतर सात दिवस ओली पोती टाकून ठेवा. उन्हाळ्यात ती दिवसातून तीनदा भिजवावी लागतात. सात दिवस कोणी वर चढणार नसेल तर कोन्याचं काम हातीच घेऊ नका.

## ९. पाणी ओतून बघा

मसाला पिकल्यावर एक माणूस बॅटरी घेऊन आत, दुसरा बाहेर शिडीवर. आधी वळचणीजवळच्या रांगांवर पाणी सोडा, पाच मिनिटं थांबा, मग वरच्या रांगा, शेवटी कोने. खालून वर असंच जायचं, म्हणजे ओल दिसली तर ती कोणत्या रांगेची हे कळतं. नळीचं तोंड आढ्याकडून खाली धरा. खालून वर फवारा मारला तर चांगलं छप्परही गळेल.

नव्या कौलांच्या पोटाला पहिल्या काही पावसांत ओलसर डाग दिसतील. थेंब पडत नसेल तर काही करू नका, बारीक छिद्रं धूळ-मातीने बुजली की डाग जातात. थेंब पडत असेल तर तो त्याच रात्री शोधा: बॅटरी घ्या, वाशावर बोट ठेवा, वर वर जा आणि जुन्या खुणेशेजारी नवी सुतळी बांधा.